सतरा नंबरचं विमान

नौदलात मी विमानं दुरुस्त करायचो असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. नौदलात विमानं कशाला? आणि मग तुम्ही विमान चालवलंय का? पहिल्याचं उत्तर मी नीट देतो. काही जहाजं एवढी मोठी असतात की त्यांच्या छतावरून विमानं उडतात आणि त्याच छतावर परत उतरतात. दुसऱ्याचं उत्तर नाही. मी पत्र्याचा माणूस. सांगाडा, पत्रा, पंख, चाकं एवढं माझं काम. इंजिनवाले वेगळे, वायरिंगवाले वेगळे, आणि उडवणारे तर फारच वेगळे.

मूळचा मी पिशोरचा. बौद्धवाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वडील ग्रामपंचायतीत शिपाई होते. भरती होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पोहायला विहिरीत शिकलो होतो, तेवढ्यावर पोहण्याची परीक्षा पास झालो. नोकरी संपवून परत आलो, जिल्ह्याच्या शहरात पुंडलिकनगरात घर बांधलं, काही वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात देखभालीचं काम केलं, आता तेही सुटलं. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. घरात मी आणि बायको.

आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात बाई राहतात. त्या शाळेत गणित शिकवायच्या, माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच हाताखालून गेल्या. लग्न केलं नाही. वय पंचाहत्तरीच्या आसपास, उजवा गुडघा बदललेला, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. घराणं सिल्लोडकडचं, मोठी जमीन असलेलं. माझी बायकोही सिल्लोडची. तिच्या आजीनं या घराण्याच्या रानात कापूस वेचलेला. बाईंना हे माहीत आहे, बायकोला माहीत आहे, आणि दोघी एकमेकींकडं वाटीभर भाजी देत-घेत इतकी वर्षं राहिल्या आहेत.

बाईंचा थोरला भाऊ नौदलात वैमानिक होता हे मला शेजारी राहायला आल्यावर खूप उशिरा कळलं. लढाईत तो होता, तिथून सुखरूप परत आला, आणि त्यानंतर काही वर्षांनी सरावाच्या उड्डाणात विमानासकट समुद्रात पडला. काहीच सापडलं नाही. घरी एक पेटी आली. तिच्यात कपडे, दाढीचं सामान आणि बाईंनीच त्याला लिहिलेली पत्रं होती. मी भरती झालो त्याच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळं माझी त्याची गाठ कधी पडली नाही.

एका रविवारी सकाळी बाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आमच्या दारात आल्या. एका जुन्या विमानवाहू जहाजाचं संग्रहालय केलं होतं, त्यावर तो लेख होता. जहाज बंदरात कायमचं बांधून ठेवलेलं, छतावर जुनी लढाऊ विमानं मांडलेली, लोक तिकीट काढून बघायला येतात. त्या बंदराचं आणि जहाजाचं नाव मी इथं लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात कुणाची नाचक्की व्हावी असं मला वाटत नाही. लेखात एक ओळ होती, की लढाईत अमुक वैमानिकानं चालवलेलं विमान इथं बघायला मिळतं. ते नाव बाईंच्या भावाचं होतं. समुद्रात पडलं ते विमान वेगळं.

“तुम्ही या जातीच्या विमानांवर काम केलंय?” बाईंनी विचारलं.

“केलंय. सुरुवातीची सहा-सात वर्षं तीच होती.”

“मग मला तिथं न्या.”

बाईंची विनंतीही फळ्यावर लिहिलेल्या सूचनेसारखी असते. बायको आतून म्हणाली, “मी पन येते. इतकी वर्षं ह्ये काय करत होते ते मला तरी कुठं ठाव हाय.”

ते खरंच होतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती पिशोरला, मी समुद्रावर. सुट्टीत घरी आलो की विमानांविषयी बोलायची इच्छाच नसायची.

दिवाळीनंतर आम्ही तिघं गेलो. बायकोनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मुक्कामाला बायकोच्या भाच्याकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावर पोचलो. बाईंना जिना चढायला वेळ लागला. मी मागं उभा राहिलो, बायकोनं पुढून हात दिला. वर आल्यावर वारा एकदम अंगावर आला. बायको थांबली. छत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “एवढंसंच? ह्याच्यावर इमानं उतरायची?”

“व्हय.”

“पडत नव्हती?”

“पडायची कधी कधी,” मी म्हणालो आणि बाई शेजारी आहेत हे लक्षात येऊन विमानांकडं वळलो.

सहा विमानं होती आणि दोन हेलिकॉप्टर. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात उघडी ठेवलेली. मला पहिल्यांदा दिसले ते त्यांचे हाल. मीठ लागून ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आली होती. वैमानिकाच्या डोक्यावरची काच दुधासारखी झालेली. टायर बसलेले, आणि बसलेले दिसू नयेत म्हणून खाली लाकडं घातलेली. हवा आत घ्यायच्या तोंडाला प्लायवूड ठोकलं होतं, तरी फटीतून पाखरांनी गवत नेलेलं. वरून मात्र सगळ्यांना जाड, चकचकीत करडा रंग. आमच्या वेळी असा रंग दिला असता तर साहेबानं आम्हालाच रंगवलं असतं. लोक फोटो काढत होते, लहान पोरं चाकांवर चढू बघत होती आणि पहारेकरी शिट्टी वाजवत होता.

बाईंच्या भावाचं विमान तिसरं. पुढं दोरी लावलेली, बाजूला पाटी. पाटीवर विमानाची जात, भावाचं नाव, लढाईतल्या कामगिरीबद्दल दोन ओळी, आणि विमान क्रमांक सतरा. विमानाच्या अंगावरही मोठ्या पांढऱ्या आकड्यांत सतरा.

बाईंनी पाटी वाचली. सतरा हा आकडा त्यांना भावाच्या पत्रांतून माहीत होता. पुन्हा वाचली. मग दोरीपाशी जाऊन पहारेकऱ्याला म्हणाल्या, “मला हात लावायचा आहे.”

तो नाही म्हणाला. मी माझं माजी सैनिकाचं कार्ड दाखवलं, त्या कोण आहेत ते सांगितलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःच दोरी उचलून धरली. बाई वाकून आत गेल्या, पंखाच्या मुळापाशी उभ्या राहिल्या आणि उजवा तळहात पत्र्यावर टेकवला. ऊन होतं, पत्रा चटकत असणार. हात काढला नाही. माझी बायको पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

मी सवयीनं खाली वाकलो. विमानापाशी गेलं की आधी पोटाखाली बघायचं, ही खोड सुटत नाही. चाक जिथं आत जातं त्या कप्प्यात डोकं घातलं. उजव्या कडेला तळव्याएवढं ठिगळ दिसलं. पत्रा जोडायच्या अकरा रिव्हेट, त्यातली खालून तिसरी तिरकी.

ते ठिगळ माझं होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी ढकलगाडी मागं घेताना मी ती एका विमानाच्या पोटावर आदळली होती. पत्रा फाटला. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, चौदा दिवस बाहेर जायची बंदी घातली आणि ठिगळ माझ्याच हातानं मारायला लावलं. तो डोक्यावर उभा असताना एक रिव्हेट तिरकी बसली. काढून पुन्हा मारली तर भोक मोठं होईल म्हणून तशीच ठेवली. त्या विमानाचा नंबर होता एकोणचाळीस.

आणि सतरा? सतरा मला चांगलं आठवत होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जमिनीवरच्या आमच्या तळावर, सतरा नंबरचं विमान मी मोडलं होतं. वय झालेलं विमान, सुटे भाग काढून बाकीचं भंगारात द्यायचं असा हुकूम होता. आम्ही चौघांनी मिळून दोन महिन्यांत त्याचा हाडापर्यंत सापळा केला.

कप्प्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या. डोळे मिटलेले. मी पँटवर हात पुसले आणि दोरीबाहेर येऊन उभा राहिलो.

परतीच्या गाडीत बाई खिडकीपाशी बसल्या बसल्या झोपल्या. दुपारची वेळ होती, डबा अर्धा रिकामा. बायको हळूच म्हणाली, “काय झालं त्ये सांगा. तुमचं तोंड उतरलंय तवापासून.”

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही मोडलं? तुमच्या हातानं?”

“हुकूम होता.”

“हुकमाचं नाय इचारत मी.” मग बाईंकडं बघून म्हणाली, “काय बी बोलू नका. बाईंचा हात लागला, त्यांच्या जीवाला बरं वाटलं. आता कशाला?”

मला ते पटलं, कारण मला तेच हवं होतं. असं करत पाच महिने गेले. बाई त्या काळात खूश होत्या. जहाजावर मी काढलेला त्यांचा फोटो त्यांनी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. मी चहाला गेलो की त्या फोटोकडं पाठ करून बसायचो. जागाही तीच ठरली माझी, दाराजवळची खुर्ची.

मार्चमध्ये त्यांच्या जुन्या शाळेनं त्यांना बोलावलं. भावाविषयी मुलांना सांगा म्हणाले. बाईंनी सहा पानं लिहून काढली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. ती माझ्याकडं घेऊन आल्या आणि सोबत लाल पेन ठेवलं.

“तुमच्या खात्यातला विषय आहे. चूक असेल तिथं खूण करा. मला मुलांपुढं चुकीचं बोलायचं नाही.”

मी वाचायला लागलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चौथ्या पानावर होतं: “त्याचं सतरा नंबरचं विमान आजही त्या जहाजावर उभं आहे. मी त्याला हात लावून आले.”

दोन दिवस पानं माझ्याकडं राहिली. दोनदा वाटलं की तशीच परत द्यावीत. पण नोकरीत प्रत्येक विमानाच्या वहीत काम तपासल्याची सही करावी लागायची आणि न तपासता सही करणारा माणूस आम्ही माणसात धरत नव्हतो. इथंही बाई ती सहीच मागत होत्या. मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि पानं घेऊन बाईंच्या घरी गेलो.

त्यांनी चष्मा लावून रेघ बघितली. “यात काय चुकलं?”

“ते विमान सतरा नाही, बाई. एकोणचाळीस आहे. वरून नंबर चुकीचा रंगवलाय.”

“कशावरून?”

ठिगळाचं सांगितलं. ढकलगाडीचं, तिरक्या रिव्हेटचं, शिक्षेचंही.

“मग सतरा कुठं आहे?”

“मोडीत निघालं. खूप वर्षांपूर्वी.”

कोणी मोडलं ते मी सांगितलं नाही. बाईंनी पानं नीट जुळवली, टेबलावर ठेवली.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“तिथंच.”

“तिथंच म्हणजे मी हात लावून उभी होते तेव्हा?”

“हो.”

“आणि पाच महिने माझ्याकडं चहा पीत होतात.”

 बाई उठल्या आणि दार उघडून धरलं. मी बाहेर आलो.

पुढचे तीन आठवडे त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. बायको मेथीची भाजी घेऊन गेली तर “मला आज भूक नाही” म्हणून वाटी परत आली. असं कधी झालं नव्हतं. बायको माझ्यावर चिडली. “सांगायचंच होतं तर गाडीत सांगायचं. आता सांगितलं, त्ये बी अर्धं.” शाळेतलं भाषण बाईंनी पुढं ढकललं. बाहेरच्या खोलीतला फोटो काढलेला मला फाटकातून दिसला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता.

मग एका सकाळी मी अंगणात सायकलची साखळी साफ करत असताना त्या आल्या. ‘कसे आहात’ वगैरे काही नाही.

“तुमच्या ठिगळाशिवाय दुसरा पुरावा आहे का?”

“प्रत्येक विमानाच्या सांगाड्यावर एक पट्टी असते. कारखान्यात ठोकलेली. तिच्यावर मूळ क्रमांक असतो. शिवाय रंगाचे थर खरवडले तर जुना आकडा निघेल.”

“मग चला. ती पाटी दुरुस्त करायची.”

“बाई, त्या पाटीवर तुमच्या भावाचं नाव आहे. नंबर बदलला तर नाव बी जाईल.”

“ते मला कळतं,” बाई म्हणाल्या. “रोज शेकड्यानं माणसं तिथं चुकीचं वाचून जातात आणि ते माझ्या भावाच्या नावावर खपतं. त्याला हे चाललं नसतं. मला तर अजिबातच नाही.”

त्यांनी संग्रहालयाला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. त्यावर आपल्या भावनांचा आदर आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. बाई ते वाचून म्हणाल्या, “मी भावनेचं कुठं लिहिलं होतं? मी क्रमांकाचं लिहिलं होतं.” मेच्या उन्हात आम्ही पुन्हा निघालो. या वेळी बायको म्हणाली, “मी तर येनारच. तुमचं दोघांचं भांडण झालं तर मधी कोन पडनार?”

संग्रहालयाचे व्यवस्थापक निवृत्त अधिकारी होते. मराठी बोलणारे, सभ्य माणूस. खोलीत बसवलं, लिंबूसरबत दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “बाई, खरं सांगू का? विमानं आमच्याकडं आली तेव्हा रंग उडालेली होती. कागद अर्धे गहाळ. कुणीतरी जुन्या फोटोवरून नंबर टाकला असेल. पण लोकांना एक गोष्ट लागते हो. नुसतं विमान बघून ते पुढं जातात. तुमच्या भावाचं नाव वाचलं की थांबतात. त्यात त्याचा मानच आहे ना?”

“ते त्याचं विमानच नाही,” बाई म्हणाल्या. “मान कसला?”

व्यवस्थापक माझ्याकडं वळले. “आणि तुमची एवढी खात्री कशी? एक ठिगळ बघून? सतरा मोडीतच निघालं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

आता लपवायला जागा नव्हती. मी म्हणालो, “साहेब, सतरा मी मोडलंय. आम्ही चौघं होतो. शेपटी आणि डावा पंख माझ्याकडं होता.”

 बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या ग्लासवरची झाकणी सरळ केली आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, “ऐकलंत ना? आता खरवडायची परवानगी द्या.”

परवानगी मिळाली. रंगाचं सामान जहाजावर होतंच. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, सतराच्या आकड्यावर रंग काढायचं रसायन लावलं आणि लाकडी पट्टीनं हळूहळू काढायला लागलो. लोखंडी पट्टी वापरली तर पत्र्यावर ओरखडे पडतात. वरचा करडा रंग सालीसारखा सुटला. त्याच्याखाली आणखी एक करडा. त्याच्याखाली आमच्या काळातला निळसर रंग, ओळखीचा. बाईंना खुर्ची आणून दिली होती, बायको त्यांच्यावर छत्री धरून उभी होती. येणारेजाणारे थांबायचे. एकानं विचारलं, “काय करताय काका?” बायकोच म्हणाली, “चूक काढायलेत.”

दीड तासानं तीनचा वरचा वळसा दिसला. मग नऊचा गोल. बाई खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या, आणि तो आकडा वाचला. “एकोणचाळीस,” एवढंच म्हणाल्या. मी चाकाच्या कप्प्यातली पट्टी कापडानं पुसून व्यवस्थापकांना दाखवली. त्यांनी मोबाईलवर फोटो घेतला, वहीत काहीतरी टिपलं.

“पाटीचं काय करू?” त्यांनी बाईंना विचारलं.

“माझ्या भावाचं नाव काढा. या जातीची विमानं लढाईत होती, एवढं लिहा. ते खरं आहे.”

“नाव कुठंतरी ठेवतो. खाली दालनात वैमानिकांची यादी आहे.”

“यादीत ठेवा.”

दुसऱ्या दिवशी मी एकोणचाळीस नीट रंगवला, जुन्या आकड्याच्या कडा धरून. हात आता जरा थरथरतो, पण आकडा सरळ आला. काम चालू असताना बाई वर आल्या नाहीत. खाली दालनातल्या बाकावर बसून होत्या.

परतीच्या गाडीत त्या जाग्या होत्या, पण खिडकीकडं तोंड करून बसल्या. बायकोनं धपाटा पुढं केला तो मात्र घेतला. मी मनाशी धरून चाललो होतो की आता शेजारपण संपलं. ज्या माणसानं भावाचं विमान तोडलं त्याच्याकडं त्यांनी का यावं?

आठवड्यानं त्यांनी बायकोकरवी निरोप पाठवला, दुपारी या. गेलो तर व्हरांड्यात दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर कोरी वही.

“तुम्ही सतरा मोडलंत,” बाई म्हणाल्या. “कसं मोडलंत ते सांगा. पहिल्या दिवसापासून. जे आठवतं तेच सांगा, जे आठवत नाही ते नाही म्हणा.”

माझी मनातून फार कुचंबणा झाली. तरी सुरू केलं. पहिल्या दिवशी इंधनाच्या टाक्या रिकाम्या केल्या. मग बसायची खुर्ची बाहेर काढली. खुर्चीचे पट्टे घासून गुळगुळीत झाले होते. पंख दुमडायच्या बिजागऱ्या इतक्या घट्ट होत्या की दोघांनी पहारीनं जोर लावावा लागला. बाई लिहीत होत्या. मध्येच थांबवून विचारायच्या, “बिजागरी केवढी? हाताएवढी?” मी वहीत चित्र काढून द्यायचो.

बोलता बोलता मला एक मोह झाला. सतराचे कितीतरी भाग काढून दुसऱ्या विमानांना लावले होते. मी म्हणालो, “बाई, सतराचा पुढच्या चाकाचा पाय कदाचित एकोणचाळीसलाच लावला असेल. म्हणजे तुमचा हात लागला त्या विमानात...”

“माहीत आहे का तुम्हाला?”

“नक्की नाही.”

“मग ‘कदाचित’ नको.” त्यांनी लिहायला घेतलेलं अक्षर खोडलं.

दुसऱ्या दुपारी शेपटीवर आलो. मी सांगितलं, की शेपटीचा उभा पत्रा सोडवताना डाव्या बाजूला एक जुनं ठिगळ लागलं होतं. छोटं, गोल, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. आणि पलीकडच्या, उजव्या बाजूला तसंच दुसरं. इतकं सफाईदार काम की आमच्या उस्तादानं आम्हा चौघांना बोलावून दाखवलं आणि म्हणाला, बघा, गोळी आरपार गेलीय आणि ठिगळ मारणाऱ्यानं बोटाला कळू दिलेलं नाही. त्या विमानाला गोळी कुठं लागली, कोण चालवत होतं, हे तेव्हा आम्ही कुणी विचारलं नाही.

बाईंचं पेन थांबलं. त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी निघावं का, या विचारात होतो तेवढ्यात त्या एक निळं आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच वाचलं. भावानं लिहिलं होतं, की आईला सांगू नकोस, पण काल शेपटीला एक भोक पाडून घेऊन आलो. उतरल्यावर बघितलं तेव्हा कळलं. इथल्या मिस्त्रीनं एका दिवसात असं बुजवलं की आता मलाच सापडत नाही.

“मला वाटायचं तो थापा मारतोय,” बाई म्हणाल्या. “त्याला सवय होती. आईनं तर हे पत्र वाचलंच नाही. मी लपवून ठेवलं.”

मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही, पण चष्मा काढून ठेवावा लागला. मी इतकी वर्षं शेजारी राहतो, त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते कळेना म्हणून मी फाटकातून बायकोला हाक मारली. ती आली, बाईंच्या पाठीवर हात ठेवून बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, “चहा ठिवते,” आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. इतक्या वर्षांत ती तिथं पहिल्यांदाच न विचारता गेली होती. डबे कुठं आहेत ते तिला बरोबर सापडले.

तिसऱ्या दुपारी बाकीचं सांगून संपवलं. सापळा ट्रकवर चढवला तिथपर्यंत. त्या दिवशी मला कसं वाटलं होतं, असं बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. काही वाटलं नव्हतं. पोरसवदा वय होतं, दुपारी जेवायला काय आहे याकडं लक्ष होतं. वाटतंय ते आत्ता, सांगताना. माझ्या कामाबद्दल इतके प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. बायको दाराशी बसून तांदूळ निवडत ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, “म्हंजी तुम्ही लई बारीक काम करत होता की. मला वाटायचं नुसतं पाने फिरवत असाल.”

जूनमध्ये शाळा उघडल्यावर बाईंचं भाषण झालं. जुनी सहा पानं त्यांनी वापरली नाहीत. भावाविषयी थोडं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं, आणि मग सतरा नंबरचं विमान कसं मोडलं ते वहीतून सगळं वाचलं. मला स्टेजवर बसवलं होतं. मुलं कंटाळतील असं मला वाटलं होतं. काही कंटाळलीही, मागच्या ओळीत चुळबुळ चालू होती. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

“मग बाई, तुमच्या भावाचं विमान आता कुठंच नाही?”

बाईंनी माईक माझ्याकडं दिला. मी म्हणालो, “विमान नाही. सुटे भाग कुठं कुठं गेले ते मला माहीत नाही.”

मुलीनं मान हलवली आणि खाली बसली. मुख्याध्यापकांनी आभार मानले. नंतर त्यांच्या खोलीत आम्हाला पोहे दिले. बाईंनी वही शाळेच्या वाचनालयाला दिली आणि पहिल्या पानावर माझ्या हातानं लिहून घेतलं, की यातला मजकूर मी तपासला आहे. खाली मी सही केली.